विगोच्या हातचा कठडा

एल्मेवांगात कुणी दाराला चुकीचा रंग दिला, की तो वाळायच्या आत बोदिल क्येल्दसेन दारात हजर. हातात कॉफीचा थर्मास, कारण भांडायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही ही तिची रीत. आधी कॉफी ओतायची, मग गुडघेदुखी आणि हवापाणी, आणि मग दाराकडे न बघता हळूच म्हणायचं, "हा निळा ओव्हचा निळा नाही हं."

ही वसाहत उभारणाऱ्या ओव्ह मोलबेकला वारून जमाना झाला होता. पण बोदिलच्या तोंडून ऐकलं तर वाटावं, तो आत्ताच सिगार ओढायला बागेत गेलाय आणि परत येऊन दारं तपासणार आहे. ओव्हला पडदे आवडत नव्हते, म्हणून कुणी पडदे लावायचे नाहीत. ओव्हला प्लास्टिकची फुलं चालत नव्हती, म्हणून कुणाच्या नातवानं वाढदिवसाला आणली तरी ती खिडकीत ठेवायची नाहीत. समोरच्या घरातला प्रेबेन, आयुष्यभर ऑर्हूसच्या बसा चालवलेला, म्हणायचा, "ओव्ह स्वर्गात गेला आणि किल्ल्या बोदिलकडे टाकून गेला."

प्रेबेनला ते म्हणायचा हक्क होता. त्याची आई म्हातारपणी त्याच्याकडे राहायला आली तेव्हा त्यानं पुढच्या पायऱ्यांना एक लोखंडी कठडा ठोकला होता. बोदिल तीनदा थर्मास घेऊन गेली. चौथ्यांदा जायची वेळ आली नाही; प्रेबेननं कठडा उपटला आणि शेडमध्ये टाकला. त्या हिवाळ्यात आई मुलीकडे ओदेन्सला गेली ती गेलीच. तेव्हापासून दर नवीन वर्षाच्या मेजवानीत, दोन पेले पोटात गेले की प्रेबेन विचारायचा, "बोदिल, माझा कठडा अजून शेडमध्ये आहे. ओव्हनं काही निरोप?" सगळे हसायचे. बोदिलही हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे.

ती मूळची वर पश्चिम किनाऱ्यावरची. बाप मासेमार, घरात बोलणं कमी आणि वारा जास्त. विशीत ऑर्हूसला आली आणि 'मोलबेक आणि टेस्ट्रुप' या वास्तुरचनाकारांच्या कचेरीत स्वयंपाकाला लागली. तेव्हा कचेरी एका बंद पडलेल्या डेअरीत होती. लोण्याचा वास भिंतींतून जात नव्हता आणि मोलबेक म्हणायचा, जाऊ नये म्हणूनच ही जागा घेतली. दोन मित्र, एकमेकांच्या अगदी उलटे. ओव्ह मोलबेक धिप्पाड, तोंडाचा पट्टा सतत चालू. जेवताना काळ्या पावाचे तुकडे उभे-आडवे रचून शाळा बांधून दाखवायचा आणि मग ती शाळा लोणच्यातल्या हेरिंग माशाबरोबर खाऊन टाकायचा. आस्गर टेस्ट्रुप काटकुळा, वाक्य सुरू करायचा आणि मधेच सोडून द्यायचा. पेन्सिल मात्र सोडायचा नाही. गावात म्हणायचे, ही कंपनी म्हणजे ओव्हची जीभ आणि आस्गरचा हात.

दुपारी सगळे एकाच लांब टेबलाशी बसत: मालक, नकाशे काढणारे, सुतार, झाडणारी बाई. कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणायचं नाही असा ओव्हचा हुकूम. बोदिलनं पहिल्याच दिवशी ओव्हला 'तू' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी बटाटे टाकून उठला म्हणून दमही दिला. आस्गरला मात्र तिच्या तोंडून 'तू' कधी निघालं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याच्या गप्प बसण्यात तिला बापाची आठवण यायची, एवढंच.

त्याच टेबलावर तिच्यासमोर विगो क्येल्दसेन बसायचा. सुतार. तो तर आस्गरपेक्षाही कमी बोलायचा. जेवण कसं झालंय? ठीक. उद्या सुट्टी आहे? ठीक. माझ्याशी लग्न करतोस का, हेही शेवटी बोदिललाच विचारावं लागलं, आणि उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको.

एल्मेवांग ही त्या दोघा मित्रांनी आपल्याच माणसांसाठी बांधलेली वसाहत. पिवळ्या विटांची बुटकी घरं, एकाला एक लागून. बागेच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. खाली स्वयंपाकघर आणि एक अखंड खोली, वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. आणि मधोमध तो जिना. वळत वर जाणारा, अरुंद, आणि त्याला अ‍ॅश लाकडाचा कठडा. खालपासून वरपर्यंत एकसंध, जणू कुणी लाकूड सुतासारखं ओढलंय. कागदावर तो आस्गरनं काढला. लाकडात तो उतरेल असं विगो सोडून कुणालाच वाटत नव्हतं. पहिला कठडा विगोनं स्वतःच्या हातानं केला, स्वतःच्या घरासाठी, नमुना म्हणून. बाकीच्या घरांचे त्यावरून झाले. त्याचे फोटो पार जपानपर्यंत गेले.

घरभरणीच्या दिवशी सगळे क्येल्दसेनांच्या घरी जमले होते. ओव्हनं पेला उचलला आणि भाषण सुरू करणार, एवढ्यात विगोनं आयुष्यातला सर्वांत लांब प्रश्न विचारला.

"ओव्ह, वर माणूस मेला तर खाली कसा आणायचा? या वळणातून शवपेटी निघणार नाही."

आस्गरनं पेन्सिल कानामागून काढली. ओव्ह गडगडाटी हसला. "विगो, इथं कुणी मरणारच नाही!"

"ठीक," विगो म्हणाला.

पुढं ओव्ह स्वतः मेला तो एल्मेवांगातल्या आपल्या घराच्या वरच्याच खोलीत. त्याला खिडकीतून दोरानं खाली सोडावं लागलं. दोराचं एक टोक विगोच्या हातात होतं, आणि प्रेबेन शपथेवर सांगतो की पेटी जमिनीला टेकली तेव्हा विगो हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं."

मग वर्षं गेली. विगोचे केस पांढरे झाले, कंपनी डेअरीतून बंदरावरच्या काचेच्या इमारतीत गेली, आस्गर म्हातारा होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात गेला. आणि एक दिवस कळलं की कुणी बिल्डर कडेची घरं घेऊन पाडणार आहे. बोदिल पेटली. तिनं दारोदार फिरून सह्या घेतल्या, केक भाजून सभा भरवल्या, कोपनहेगनच्या वारसा खात्यात बसभर म्हातारे नेऊन बसवले. कंपनीनंही पाठिंबा दिला. खात्याचा माणूस शेवटी घरं बघायला आला, तो बिचारा भला होता. म्हणाला, "बाहेरून संरक्षित करू. भिंती, छप्परं, खिडक्या. आतलं राहू दे, लोकांना राहायचंय आत."

बोदिलनं टेबलावर हात आपटला. "आतून नाही? जिना सोडून देणार? जिना गेला तर राहिलं काय एल्मेवांगात, विटा?"

तो म्हणाला, "एकदा आतून संरक्षित झालं की खिळा ठोकायलाही परवानगी लागते हं."

"मग लागू दे!"

विगो कोपऱ्यात बसून पाइप साफ करत होता. त्यानं जिन्याच्या वळणाकडे पाहिलं, आणि परत पाइप साफ करू लागला.

झालं. आतून-बाहेरून, जिन्यासकट. फाटकावर पितळी पाटी लागली, प्रत्येक घरानं झेंडा चढवला. बोदिल त्या दिवशी राणीसारखी चालत होती.

पुढच्याच फेब्रुवारीत विगो कामाच्या शेडमध्ये पडला. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एवढ्या शब्दांतून एकच शब्द शाबूत राहिला, तोही त्याचा लाडका. बोदिल उपचार केंद्रात रोज जायची, त्याचा डावा हात धरून विचारायची, "दुखतंय?" "ठीक." "भूक?" "ठीक." "घरी यायचंय ना?" यावर तो जे 'ठीक' म्हणायचा त्यात एवढा जीव असायचा की तिला खिडकीबाहेर बघावं लागायचं.

पालिकेची सिग्ने नावाची बाई घर बघायला आली. तरुण, मऊ बोलणारी, हातात मोजपट्टी. तिनं जिन्याला पट्टी लावून पाहिली, वर गेली, खाली आली.

"बोदिल, त्याला वर न्हाणीघरात नेता आलं पाहिजे. जिन्यावरून सरकणारी खुर्ची बसवू, ती आम्ही देऊ. पण कठडा खालच्या वळणाला कापावा लागेल. नाहीतर खाली संडास बांध."

"खाली संडास म्हणजे ही खोली तोडायची."

"मग कठडा."

"आणि तेही नाही झालं तर? इथं खालीच खुर्चीखाली भांडं ठेवलं तर?"

सिग्नेनं काचेच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे प्रेबेन आपल्या बागेत वाकून काहीतरी खुरपत होता, आणि त्याचं लक्ष खुरपण्यात नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. "इथं? पडद्याशिवाय?"

बोदिलनं पहिल्यांदाच त्या काचेकडे परक्या डोळ्यांनी पाहिलं.

"आणि आंघोळ?" सिग्ने म्हणाली. "आमच्या माणसांना त्याला रोज उचलून वर नेता येणार नाही, तशी मनाई आहे. इस्टरपर्यंत घराची सोय झाली तर तो घरी. नाहीतर वृद्धाश्रमात जागा निघाली आहे, ती सोडता येणार नाही."

बोदिलनं वारसा खात्याला फोन केला. तोच भला माणूस. त्यानं ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "तो कठडा तर मूळ नमुना आहे, बोदिल. तूच मला दाखवलास. सगळ्या वसाहतीत एखाद्या कठड्याला हात लावता येणार नाही असं असेल, तर तो हाच."

मग ती बंदरावर कंपनीत गेली. कास्पर नावाचा नवा प्रमुख, नातवाच्या वयाचा, पायात पांढरे बूट. त्यानं तिला मिठी मारली, दालचिनीचा केक पुढं केला. मागच्या भिंतीवर तिच्याच जिन्याचा फोटो होता, माणसाच्या उंचीचा.

"बोदिल, तू आमच्यासाठी काय आहेस तुला माहीत नाही. पन्नाशीच्या सोहळ्याला आम्ही एल्मेवांगाची फेरी ठेवतोय. सुरुवातच तुझ्या घरापासून."

"कास्पर, मला कठडा कापायचाय."

त्याचा चेहरा एखाद्या डॉक्टरसारखा झाला. "आम्हाला कळतं ग. पण आमच्या हातात काही नाही. हा वारसा आहे, तो आता आमचाही राहिला नाही. तो सगळ्यांचा आहे."

"सगळ्यांचा आहे तर सगळ्यांनी येऊन विगोला उचला."

कास्परनं केकची बशी तिच्याकडे आणखी जवळ सरकवली.

उरला आस्गर. दोन बसा बदलून ती वृद्धाश्रमात गेली. आस्गर खिडकीशी गुडघ्यावर शाल घेऊन बसला होता, नव्वदी ओलांडलेला, आणखी काटकुळा, पण पेन्सिल होतीच. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकता ऐकता रुमालावर त्या वळणाची रेघ ओढली, मग तिच्यावर आडवी फुली मारली.

"काप," तो म्हणाला. एवढं पुरं वाक्य त्याच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही म्हणताय खरं, पण खात्याला कोण सांगणार?"

"मी..." म्हणून त्यानं फोन मागितला. तिकडून एका पोरीचा आवाज आला, स्वच्छ आणि हसरा. आस्गरनं कसंबसं सांगितलं, एल्मेवांग, जिना, कापायला हरकत नाही.

"तुमचा या इमारतीशी संबंध काय?"

"मी... काढली ती."

"बरं. मालक आहात?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही."

"मग तुमचं मत मी नोंदवून घेते हं, आस्गर. पण निर्णयात ते धरता येत नाही."

आस्गरनं फोन खाली ठेवला, आणि किती वर्षांनी कुणास ठाऊक, हसला. खांदे हलवत, आवाज न करता. बोदिल मात्र हसू शकली नाही. बसस्टॉपवर उभी असताना तिला पहिल्यांदा प्रेबेनच्या आईचा चेहरा आठवला. पायऱ्यांवर उभी, एक हात हवेत, धरायला काहीतरी शोधत.

इस्टरच्या आधीच्या शनिवारी एल्मेवांगात कामाचा दिवस असतो. सगळे मिळून सामायिक कुंपण छाटतात, गटारं साफ करतात, मग सॉसेज आणि बिअर. बोदिल दरवर्षी सर्वांत आधी बाहेर. त्या दिवशी ती दिसली नाही. प्रेबेनला चैन पडेना. काचेतून बघायला तो त्यांच्या बागेत शिरला, आणि बघतो तर बोदिल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली, हातात विगोची करवत, आणि लाकडाचा भुसा तिच्या काळ्या पायमोज्यांवर.

प्रेबेन आत आला. "काय चाललंय?"

"आंधळा आहेस?"

"बोदिल, अख्खं डेन्मार्क तुझ्या मागं लागेल."

"लागू दे. आजवर मी सगळ्यांच्या मागं लागत आलेय ना." ती परत ओढू लागली. करवत अडकत होती, कारण तिनं आयुष्यात कधी करवत धरली नव्हती. "हे विगोनं ओलं लाकूड वाफेवर वाकवून केलंय. अख्खा हिवाळा. मी बाजूला बसून मोजे विणत होते. प्रेबेन, मी काय करतेय हे?"

प्रेबेन उभाच राहिला. त्याच्या जिभेवर दरवर्षीचा तो विनोद आला होता, शेडमधल्या कठड्याचा. अशी संधी त्याला परत मिळाली नसती. तो आला तसा त्यानं गिळला. मग गुडघे मोडत खालच्या पायरीवर बसला आणि कठड्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"कठडा हलला नाही म्हणजे करवत अडकणार नाही," तो म्हणाला. "ओढ."

कठडा सुटला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. बोदिलच्या मांडीवर हातभर लांबीचा वाकलेला तुकडा आला. कापलेल्या जागी लाकूड आतून पांढरं होतं, कालच तोडल्यासारखं.

मंगळवारी खुर्ची बसवायला माणसं आली. त्यातल्या एकानं फाटकावरची पितळी पाटी वाचली, मग बाहेर जाऊन फोन लावला. बोदिल दारात थर्मास घेऊन उभी होती, त्यानं कॉफी घेतली नाही. "सॉरी. परवानगीशिवाय संरक्षित घरात आम्हाला पाऊल टाकता येत नाही. नोकरी जाईल."

"पण कापलंय! कापायचंच होतं ना? ते तर झालं!"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

खात्याकडून हुकूम आला: होतं तसं करून द्या. सिग्नेनं दोनदा मुदत वाढवली, मग तिच्याही हातात काही राहिलं नाही. विगो वृद्धाश्रमात गेला, आस्गर होता त्याच. त्याला गाडीतून उतरवत होते तेव्हा बोदिल बाजूनं चालत म्हणत होती, "थोडे दिवस, विगो. मी करते काहीतरी. थोडेच दिवस." तो तिच्याकडे बघत राहिला. 'ठीक' म्हणाला नाही.

कंपनीनं मोठं मन दाखवलं. कास्पर स्वतः आला, म्हणाला, दंड-बिंड काही नाही, आम्ही दुरुस्त करून देतो, आमच्याकडून. एक तरुण सुतार आला, चांगला होता, बोलका होता, काम करताना गुणगुणायचा. त्यानं विचारलं, "मूळ तुकडा कुठाय?"

"शेगडीत घातला," बोदिल म्हणाली.

त्याला वाईट वाटलं. मग त्यानं नवा केला, वाफेवर वाकवून, तसाच. सांधा कुठं आहे ते बोट फिरवूनही कळत नाही. सोहळ्याची फेरी तिच्या घरापासूनच सुरू झाली. पाहुणे काचेसमोर उभे राहून आत बघत होते, कुणीतरी जिन्याचा फोटो घेताना बोदिलला जरा बाजूला व्हायला सांगितलं. ती बाजूला झाली.

तुकडा अर्थातच शेगडीत नव्हता. तो सामानाच्या पिशवीत, काळा पाव आणि त्यावर लावायच्या लिव्हरच्या डब्याखाली, बसनं वृद्धाश्रमात गेला. पहिल्या दिवशी तिनं तो विगोच्या मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. त्यानं डावा अंगठा लाकडावरून फिरवला, आतल्या बाजूची गोलाई चाचपली. कापलेल्या टोकाशी आला. तिथं करवतीनं चावे घेतले होते, वेडेवाकडे. मग त्याच्या घशातून कसलातरी आवाज आला. बोदिलला वाटलं रडतोय. नंतर कळलं, तो तिच्या सुतारकामाला हसत होता. आणि मग खरंच रडू लागला, आणि दोन्ही एकदमच चाललं, थांबेचना.

तिथल्या दुरुस्तीवाल्या माणसानं तो तुकडा विगोच्या संडासात भिंतीला लावून दिला, उठताना धरायला. वृद्धाश्रमात ठोकायला परवानगी लागली नाही.

एकदा आस्गर चाकाच्या खुर्चीत विगोला भेटायला आला. आताशा त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं, बोदिललाही कधी ओळखायचा, कधी नाही. तो भिंतीवरच्या कठड्याशी थांबला, हात ठेवला, पुढंमागं फिरवला.

"हात छान बसतो," तो म्हणाला. "कुणी केलंय हे?"

विगोनं डावा हात वर केला.

"आणि काढलंय कुणी?"

बोदिलनं त्याच्याकडे पाहिलं. "तू," ती म्हणाली.

आस्गरनं मान हलवली, पटल्यासारखी नाही, सभ्यपणाची.

ती अजून रोज जाते, दोन बसा बदलून, संध्याकाळच्या जेवणाला परत येते. दिवा लावते. काचेला अजूनही पडदा नाही, त्यामुळे जिना चढताना ती सगळ्या एल्मेवांगाला दिसते. गुडघे गेलेत, तरी मधोमध चढते, दोन्ही हात अंगाशी. नव्या कठड्याला बोटही लावत नाही.

प्रेबेननं परवा त्याच्या बागेतून ओरडून सांगितलं, "बोदिल, धर ग त्याला! पडशील!"

तिनं खिडकी उघडली. "पडले तर पडले."

"आणि मग तुला खाली कसं आणायचं?"

"दोर आहे शेडमध्ये," ती म्हणाली. "विगोच्या खुंटीला. एक टोक तू धर." आणि खिडकी लावून घेतली.